वीरांगना ते कर्जदार : बांगलादेशातील युद्धोत्तर स्त्री, सूक्ष्मवित्त आणि लोकशिक्षण यांविषयीच्या लेखनाची चिकित्सा

प्रस्तावना

सूक्ष्मवित्त हा विषय आता अर्थशास्त्र, समाजशास्त्र आणि समाजकार्य या तिन्ही शाखांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांत स्थिरावला आहे. या विषयाची ओळख करून देताना चित्तगावजवळील जोब्रा हे खेडे, बांबूची मोढी विणणारी एक गरीब स्त्री आणि १९७६ साली प्राध्यापक मुहम्मद युनूस यांनी ४२ व्यक्तींना स्वतःच्या खिशातून दिलेले ८५६ टका, म्हणजे तेव्हाचे सुमारे २७ डॉलर, ही कथा जवळजवळ अपरिहार्यपणे सांगितली जाते. कथा खरी आहे. तिचे महत्त्वही वादातीत आहे. २००६ साली युनूस व ग्रामीण बँक यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाल्यानंतर ती जगभर पोहोचली. परंतु जोब्रातील त्या कथेच्या अवघी पाच वर्षे आधी त्याच भूमीवर एक युद्ध होऊन गेले होते, ही बाब सूक्ष्मवित्ताविषयीच्या बहुतेक लेखनात एखाद्या उपवाक्यापुरतीच येते.

प्रस्तुत लेखात बांगलादेशातील सूक्ष्मवित्ताविषयीचे काही महत्त्वाचे ग्रंथ व निबंध, आणि १९७१ च्या युद्धातील अत्याचारित स्त्रियांविषयीचे लेखन, अशा दोन वाङ्मयांचे एकत्र वाचन करण्याचा प्रयत्न केला आहे. ग्रंथालयात ही दोन वाङ्मये निरनिराळ्या कपाटांत असतात. एक विकास अर्थशास्त्राच्या, दुसरे इतिहास किंवा स्त्री-अभ्यासाच्या. त्यांच्या वाचकांची गाठही क्वचितच पडते. या विभागणीमुळे दोन गोष्टी आपल्या नजरेतून सुटल्या आहेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पहिली गोष्ट म्हणजे गरीब स्त्रीच्या ‘लाजे’चा प्रश्न. दुसरी गोष्ट म्हणजे ‘शिक्षण’ या शब्दाखाली तिला नेमके काय दिले गेले, हा प्रश्न.

आरंभकथेतील मौन

१२ नोव्हेंबर १९७० चे चक्रीवादळ, मार्च ते डिसेंबर १९७१ चे युद्ध, भारतात आलेले सुमारे एक कोटी निर्वासित आणि त्यांचे परतणे, आणि मग १९७४ चा दुष्काळ : चार-साडेचार वर्षांच्या अवधीत पूर्व बंगालच्या ग्रामीण समाजावर हे आघात कोसळले. कर्ते पुरुष मारले गेले वा परागंदा झाले. गुरे, अवजारे, बी-बियाणे नाहीसे झाले. ज्या स्त्रिया पडदा पाळत होत्या, त्यांना मातीकामावर आणि मोलमजुरीवर यावे लागले. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात स्त्रियांना कर्ज देणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या त्या या परिस्थितीत. गरिबी अर्थातच जुनी होती. पण घरात पुरुष नसलेल्या किंवा पुरुषाने टाकलेल्या स्त्रियांचा जो मोठा वर्ग या संस्थांसमोर उभा राहिला, त्याच्या घडणीत युद्धाचा आणि दुष्काळाचा वाटा निर्विवाद आहे.

युनूस यांच्या ‘बँकर टू द पुअर’ या आत्मचरित्रपर ग्रंथात १९७१ येते, हे प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे. त्या वर्षी ते अमेरिकेतील टेनेसी राज्यात अध्यापन करीत होते आणि तेथील बंगाली मंडळींसमवेत त्यांनी स्वातंत्र्यलढ्याच्या बाजूने प्रचारकार्य केले. १९७२ मध्ये ते मायदेशी परतले. मात्र ग्रंथातील कर्जाची कथा सुरू होते ती दुष्काळापासून. अर्थशास्त्राचे सिद्धान्त वर्गात शिकवणारा प्राध्यापक बाहेर उपासमारीने मरणारी माणसे पाहतो आणि अस्वस्थ होतो, ही तिची नाट्यमय सुरुवात आहे. युद्धाने खेड्यातील स्त्रियांचे काय केले, हा प्रश्न कर्जाच्या कथेशी कोठेही जोडला जात नाही. परिणामी जोब्रातील स्त्री ही इतिहास नसलेली, केवळ भांडवल नसलेली स्त्री म्हणून वाचकासमोर येते. तिच्या दारिद्र्याचे कारण सावकार आणि त्यावरचा उपाय बँक. सूक्ष्मवित्ताच्या पुढील सर्व प्रचारवाङ्मयाने हीच आकृती उचलली. कारण इतिहास नसलेली स्त्री कोणत्याही देशात नेऊन उभी करता येते.

‘ब्रॅक’ या संस्थेची जन्मकथा मात्र युद्धापासून वेगळी करता येत नाही. फजले हसन आबेद हे चित्तगाव येथे शेल या तेल कंपनीत वरिष्ठ हुद्द्यावर होते. वादळानंतरच्या मदतकार्याने आणि नंतर युद्धाने त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. लंडनमधील आपले घर विकून आलेल्या पैशांतून त्यांनी १९७२ मध्ये सिल्हेट भागातील शाल्ला येथे परतलेल्या निर्वासितांसाठी पुनर्वसनाचे काम सुरू केले. संस्थेच्या मूळ नावातच ‘पुनर्वसन’ हा शब्द होता. पुढे तो जाऊन ‘ग्रामीण प्रगती’ आली. नावातील हा बदल एखाद्या वर्षातच झाला. तो झाला कारण घरे बांधून आणि होड्या देऊन लोक पुन्हा उभे राहतात, ही अपेक्षा फोल ठरली. मदत गावातील सबळांच्या हाती जाते, हे ब्रॅकच्या कार्यकर्त्यांनी अनुभवाने ओळखले. १९८० मध्ये ‘द नेट’ या छोट्या अभ्यासात दहा गावांतील सत्तारचनेचे जे चित्र संस्थेने मांडले, ते आजही आपल्याकडील ग्रामीण समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी वाचावे असे आहे.

लाज : कलंक आणि तारण

युद्धकाळात पाकिस्तानी सैन्याने व त्याच्या स्थानिक हस्तकांनी केलेल्या बलात्कारांचा आकडा दोन लाखांपासून चार लाखांपर्यंत सांगितला जातो. त्याबद्दल वाद आहेत. त्या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. डिसेंबर १९७१ मध्येच नव्या सरकारने या स्त्रियांना ‘बीरांगना’ म्हणजे वीरांगना ही उपाधी दिली. मराठी वाचकाच्या मनात वीरांगना म्हटले की झाशीची राणी उभी राहते. बांगलादेशात मात्र या शब्दाचा अर्थ त्या एका घोषणेने कायमचा बदलला. हेतू उदात्त होता : कलंकाऐवजी गौरव. पण लोकांच्या तोंडी ‘बीरांगना’ची ‘बारांगना’ होण्यास वेळ लागला नाही. वीरांगना आणि वारांगना यांतील अंतर मराठीतही एका काना-वेलांटीचेच आहे, त्यामुळे त्या कुचेष्टेतील विखार आपल्याला वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

१९७२ च्या आरंभी महिला पुनर्वसन मंडळ स्थापन झाले. गर्भपात, परदेशी दत्तकविधान, विवाह जुळवणे आणि शिवणकाम, हस्तकला, टंकलेखन यांसारखे व्यवसायशिक्षण, असा त्याच्या कामाचा आवाका होता. या यादीकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. स्त्रीचे शरीर, तिचे मूल, तिचा विवाह आणि तिचे उत्पन्न यांची व्यवस्था लावणारा हा एकत्रित कार्यक्रम होता. आणि त्यातील उत्पन्नाच्या भागाचे नाते नंतरच्या स्त्री-विकास कार्यक्रमांशी उघड आहे. शिवणयंत्र ही युद्धोत्तर स्त्रीपुनर्वसनाची जवळजवळ जागतिक खूण होऊन बसली आहे. बाजारात शिवणकामाला मागणी किती, हे विचारण्याची तसदी फारच थोड्या ठिकाणी घेतली गेली.

ढाका विद्यापीठातील बंगालीच्या प्राध्यापिका नीलिमा इब्राहिम यांनी या पुनर्वसनकार्यात भाग घेतला होता. त्यांनी नव्वदच्या दशकात दोन खंडांत ‘आमि बीरांगना बोलछि’ हे पुस्तक लिहिले. त्यातील स्त्रिया प्रथमपुरुषी बोलतात, पण लेखणी प्राध्यापिकेची आहे, हे भान ठेवून ते वाचावे लागते. मध्यमवर्गीय संस्कारांची भाषा, देशभक्तीचा उच्च स्वर आणि समाजाविषयीचा संताप यांचे त्यात मिश्रण आहे. दस्तऐवज म्हणून त्याची मर्यादा तीच आणि साहित्यकृती म्हणून त्याचे बळही तेच. याउलट नयनिका मुखर्जी यांचा ‘द स्पेक्ट्रल वूंड’ (२०१५) हा मानववंशशास्त्रीय ग्रंथ खेड्यातील गरीब बीरांगनांचा आहे. १९९२ मध्ये ढाक्यात युद्धगुन्हेगारांविरुद्ध भरलेल्या ‘गण आदालत’मध्ये ग्रामीण भागातील काही स्त्रियांना आणले गेले, त्यांची छायाचित्रे वृत्तपत्रांत छापून आली आणि गावी परतल्यावर त्यांना ‘खोंटा’ सहन करावा लागला. खोंटा म्हणजे टोमणा, उकरून काढून लावलेला बोल. मुखर्जी दाखवतात की गावाला घटना आधीपासून ठाऊक होती. गावाचा आक्षेप घटनेला नव्हता. ती चव्हाट्यावर आणण्याला, आणि त्यातून काही लाभ मिळविल्याच्या संशयाला होता. लाज ही गावात साठवून ठेवलेली, प्रसंगी बाहेर काढता येणारी शक्ती असते, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे.

आता याच शक्तीचा दुसरा उपयोग पाहू. लमिया करीम यांच्या ‘मायक्रोफायनान्स अँड इट्स डिस्कंटेन्ट्स’ (२०११) या ग्रंथाचे क्षेत्रकार्य १९९० च्या दशकाच्या अखेरीचे आहे. ग्रामीण बँक, ब्रॅक, आशा आणि प्रशिका या चार मोठ्या संस्थांच्या कर्जव्यवहाराचा त्यांनी अभ्यास केला. गरीब स्त्रीकडे जमीन नाही, दागिने नाहीत. मग कर्जाला तारण काय? संस्थांचे अधिकृत उत्तर ‘परस्परविश्वास’ आणि ‘गटाची जबाबदारी’ असे होते. करीम यांचे उत्तर आहे : तिची अब्रू. साप्ताहिक बैठकीत हप्ता न आणलेल्या स्त्रीला सर्वांसमोर ताटकळत बसविणे, गटातील इतर बायकांना तिच्या दारात पाठविणे, तिच्या नवऱ्याच्या आणि सासरच्या मानाला धक्का लागेल असे करणे, आणि शेवटी ‘घर भांगा’ म्हणजे थकबाकीदाराच्या घराचे पत्रे काढून विकणे. या सर्व व्यवस्थेला त्यांनी ‘लाजेचे अर्थशास्त्र’ अशा अर्थाचे नाव दिले आहे. पुरुषापेक्षा स्त्री कर्ज फेडते, हे जे सूक्ष्मवित्ताचे आद्य सूत्र, त्यामागे तिची सचोटी आणि काटकसर आहेच. पण तिला गाव सोडून पळता येत नाही आणि चारचौघांतला अपमान तिला पुरुषापेक्षा महाग पडतो, हेही आहे.

मुखर्जी आणि करीम यांची पुस्तके शेजारी ठेवून वाचली की जे दिसते ते सुटे सुटे वाचताना दिसत नाही. १९७१ च्या अखेरीस राष्ट्राने एका शब्दाच्या बळावर ग्रामीण स्त्रीची लाज पुसू पाहिली आणि ते जमले नाही. पुढील दोन दशकांत, त्याच ग्रामीण समाजात, त्याच लाजेच्या भक्कमपणावर जगातील सर्वांत नावाजलेली वसुलीव्यवस्था उभी राहिली. ९७-९८ टक्के परतफेडीचा जो आकडा परिषदांतून अभिमानाने सांगितला गेला, तो काही अंशी या अपयशी राहिलेल्या सामाजिक सुधारणेचाही आकडा आहे. हे विधान कठोर वाटेल. कोणा संस्थाचालकाचा तसा हेतू होता असे सुचवावयाचे नाही. गावात जे बळ उपलब्ध होते ते वापरले गेले, एवढेच. परंतु हेतू शुद्ध होता म्हणून यंत्रणेची चिकित्सा टळत नाही.

करीम यांच्या ग्रंथातही एक दोष आहे. त्यांच्या लेखनात संस्था इतकी सर्वशक्तिमान होते की स्त्रिया केवळ तिच्या जाळ्यात सापडलेल्या दिसतात. एका संस्थेचे कर्ज काढून दुसरीचा हप्ता भरणाऱ्या, कर्ज घेऊन ते चढ्या व्याजाने पुढे देणाऱ्या चतुर स्त्रियाही त्यांना भेटल्या. पण त्यांच्याकडे लेखिका काहीशा नाराजीने पाहते. गरीब स्त्रीने सावकारी करावी हे आपल्याला रुचत नाही, हे ठीक. पण ती तसे का करते, हे तिच्या हिशेबाने समजून घ्यायला हवे होते. ही उणीव नायला कबीर यांच्या २००१ मधील निबंधाने आधीच दाखवून दिली होती, हे विशेष.

‘शिक्षण’ या शब्दाचे दोन अर्थ

सूक्ष्मवित्ताच्या समर्थकांचे एक उत्तर असते : आम्ही केवळ पैसे देत नाही, शिक्षणही देतो. या उत्तराची तपासणी केल्याशिवाय चिकित्सा पूर्ण होणार नाही.

ग्रामीण बँकेचे शिक्षण म्हणजे १९८४ मध्ये निश्चित झालेले ‘सोळा निर्णय’. हुंडा देणार नाही व घेणार नाही, भाजीपाला लावू, कुटुंब लहान ठेवू, मुलांना शाळेत घालू, शौचकूप वापरू, इत्यादी. केंद्राच्या बैठकीत स्त्रिया ते एकसुरात म्हणत. त्यातील प्रत्येक निर्णय स्वतंत्रपणे घेतला तर त्याला कोण विरोध करील? पण म्हणणे आणि शिकणे यांत फरक आहे, हे आपण शिक्षकांनी तरी विसरू नये. कर्ज मिळण्यासाठी जे पाठ करावे लागते, त्यावर शंका घेण्याची सोय नसते. नंतरच्या क्षेत्राभ्यासांत कर्जाची रक्कम मुलीच्या हुंड्याकडे वळल्याच्या नोंदी आढळतात. त्या बायकांनाही हुंड्याविषयीचा निर्णय तोंडपाठ असणार. दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. सोळा निर्णयांत कूपनलिकेचे पाणी पिण्याचा निर्णय होता. त्या काळच्या ज्ञानानुसार तो योग्यच होता. पटकी-अतिसारापासून वाचण्याचा तो मार्ग होता. १९९३ मध्ये बांगलादेशातील कूपनलिकांच्या पाण्यात आर्सेनिक असल्याचे उघड झाले आणि कोट्यवधी लोकांना त्याचा धोका असल्याचे पुढे स्पष्ट झाले. दोष बँकेचा नव्हे. पण केवळ घोषणा म्हणून दिलेले ज्ञान परिस्थिती बदलली की निरुपयोगी, क्वचित घातकही ठरते. कारणे शिकविली असती तर बदल स्वीकारणेही सोपे गेले असते.

ब्रॅकचा मार्ग आरंभी वेगळा होता. शाल्ला येथील प्रौढ साक्षरतेचे पहिले वर्ग ओस पडले. मजुरीहून आलेल्या माणसाला अक्षरे गिरवण्यात रस नव्हता. त्यानंतर ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पावलो फ्रेरे यांच्या विचारांच्या प्रभावाखाली ‘उपयोजित शिक्षणा’चा अभ्यासक्रम रचला गेला. एखादे चित्र किंवा एखादा शब्द घ्यायचा, त्यावर चर्चा करायची : मजुरी कमी का, जमीन कोणाची, बाळंतीण का दगावते? अक्षरे त्यामागून. मार्था चेन यांचे ‘अ क्वाएट रेव्होल्यूशन’ (१९८३) हे पुस्तक या काळातील ब्रॅकच्या स्त्रीविषयक कार्याचा सर्वांत जिवंत वृत्तान्त आहे. लेखिका स्वतः त्या कार्यात सहभागी होती. त्यामुळे तटस्थतेची अपेक्षा ठेवून ते वाचू नये. मात्र त्यात जे आहे ते नंतरच्या संख्याबहुल निबंधांत सापडत नाही : दुष्काळानंतर ‘कामाच्या बदल्यात धान्य’ योजनेवर येणाऱ्या स्त्रिया, घराबाहेर पडल्या म्हणून त्यांना बोलणारे गावकरी, आणि एकत्र बसून बोलण्याची हळूहळू लागलेली सवय. येथे गट आधी आहे, चर्चा आधी आहे आणि कर्ज नंतर. क्रमाचे महत्त्व येथेच आहे.

याहूनही महत्त्वाचे उदाहरण कर्जाशी संबंधित नाही. १९७९ मध्ये शाल्ला भागातच चाचणी घेऊन १९८० पासून दहा वर्षे ब्रॅकने घरोघर जाऊन मातांना अतिसारावरील ‘लोबोन-गुड’, म्हणजे मीठ, गूळ व पाणी यांचे द्रावण करावयास शिकविले. सुमारे सव्वा कोटी घरे झाली. मुश्ताक चौधरी व रिचर्ड कॅश यांच्या ‘अ सिंपल सोल्यूशन’ (१९९६) या पुस्तकात या मोहिमेचा इतिहास आहे. आपल्या व्यवसायबंधूंनी त्यातील एक प्रकरण तरी अवश्य वाचावे, असा आग्रह धरावासा वाटतो. कारण त्यात अध्यापनाच्या मूल्यमापनाचा एक अजब प्रयोग आहे. गावात शिकवून गेलेल्या कार्यकर्तीचे वेतन ती किती घरे फिरली यावर नव्हते. काही आठवड्यांनी दुसरेच निरीक्षक जाऊन निवडक घरांतील मातांना काय आठवते ते तपासत, त्यांच्याकडून द्रावण करवून घेत, आणि त्या श्रेणीवर कार्यकर्तीचे वेतन ठरे. म्हणजे परीक्षा विद्यार्थिनीची आणि निकाल शिक्षिकेचा! शिवाय असे लक्षात आले की मातांना कृती येते, पण त्या वापरत नाहीत. शोध घेता उमगले की स्वतः कार्यकर्त्यांचाच या द्रावणावर पुरता विश्वास नव्हता; आणि घरातील पुरुषांना कोणी काही सांगितलेच नव्हते. मग कार्यकर्त्यांना त्यामागचे शास्त्र समजावले गेले, पुरुषांशी, शाळांशी आणि मशिदींतील लोकांशी बोलणे सुरू झाले.

या मोहिमेत हप्ता नव्हता, तारण नव्हते आणि लाजही नव्हती. मातेला आठवले नाही तर कार्यकर्तीचे पैसे कापले जात. गरीब स्त्रीने हप्ता चुकविला तर गट तिच्या दारात येई. दोन व्यवस्थांत चुकीची किंमत कोणी मोजायची, हे अगदी उलट ठरविलेले होते. एकाच देशात, काही अंशी एकाच संस्थेच्या छत्राखाली, या दोन्ही गोष्टी एकाच दशकात नांदत होत्या. त्यातील दुसरीच जगभर गेली, हा केवळ योगायोग म्हणता येणार नाही : कर्ज स्वतःचा खर्च भागवू शकते, शिक्षण भागवू शकत नाही. नव्वदच्या दशकात देणगीदारांनी स्वावलंबनाचा आग्रह धरला आणि गटाची साप्ताहिक बैठक प्रामुख्याने हप्तेवसुलीची बैठक होऊन गेली. खुशी कबीर या १९७२ मध्ये शाल्ला येथे काम केलेल्या कार्यकर्त्या. त्यांच्या नेतृत्वाखाली १९८० पासून चाललेली ‘निजेरा करी’ ही संस्था भूमिहीनांच्या संघटनेचे काम करते आणि कर्ज देत नाही. तिचा आकार लहान राहिला. सूक्ष्मवित्ताच्या पाठ्यपुस्तकांत तिचे नाव शोधूनही सापडत नाही.

आकड्यांचा वाद

संख्यात्मक अभ्यासांबद्दल थोडक्यात सांगता येईल. ॲन मारी गोट्झ आणि रीना सेनगुप्ता यांनी १९९६ मध्ये दाखविले की कर्जावर पूर्ण वा लक्षणीय नियंत्रण असलेल्या स्त्रिया सुमारे ३७ टक्केच होत्या. इतरांच्या बाबतीत पैसा पुरुषांच्या हाती जात होता. त्याच वर्षी हाश्मी, शूलर व रायली यांनी नेमका उलटा, म्हणजे सबलीकरण झाल्याचा निष्कर्ष काढला. १९९८ मध्ये पिट व खंदकर यांनी स्त्रीला दिलेल्या दर १०० टक्यांमागे कुटुंबाचा वार्षिक उपभोगखर्च १८ टक्यांनी वाढतो असे अनुमान मांडले. ते दशकभर सर्वत्र उद्धृत झाले आणि पुढे रूडमन व मॉर्डक यांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासून ते त्यातून सिद्ध होत नाही असे म्हटले. १९९९ मध्ये अमिनूर रहमान यांनी टांगाईल जिल्ह्यातील एका गावात १२० कर्जदार स्त्रियांशी बोलून, त्यांतील ७० टक्के स्त्रियांच्या घरी हिंसा व आक्रमकता वाढल्याचे नोंदविले. कबीर यांनी या गोंधळावर टाकलेला प्रकाश अजूनही उपयुक्त आहे : प्रतिकूल निष्कर्ष काढणारे निर्णयप्रक्रिया मोजत होते, अनुकूल निष्कर्ष काढणारे परिणाम मोजत होते, आणि स्त्रियांना स्वतःला काय महत्त्वाचे वाटते हे फारसे कोणीच विचारले नव्हते.

२०१५ मध्ये सहा देशांतील यादृच्छिक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र प्रसिद्ध झाले. त्यांत हैदराबाद जसे होते तसा युद्धातून बाहेर पडलेला बोस्निया-हर्जेगोव्हिनाही होता. परिणाम बेताचे अनुकूल, पण जीवन पालटणारे नव्हेत, असा एकंदर सूर होता. त्यावर दोन्ही पक्षांनी आपापला विजय घोषित केला, हे सांगायला नकोच.

आपल्याकडील संदर्भ

महाराष्ट्रात या चर्चेला परके म्हणून दूर ठेवता येणार नाही. आपले बचत गट वेगळ्या घडणीचे आहेत हे खरे. आधी बचत, मग आपसांतील कर्ज आणि त्यानंतर बँकेशी जोडणी, हा १९९२ मध्ये नाबार्डने सुरू केलेल्या कार्यक्रमाचा क्रम आहे. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळाने तो राज्यात गावोगाव नेला. याच १९७५ साली मुंबईत प्रेमाताई पुरव यांनी खाणावळी चालविणाऱ्या स्त्रियांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. त्याही अनुभवात संघटन आधी होते. परंतु ऑक्टोबर २०१० मध्ये आंध्र प्रदेश सरकारला खाजगी मायक्रोफायनान्स कंपन्यांविरुद्ध अध्यादेश काढावा लागला, आणि २०१६ च्या नोटाबंदीनंतर विदर्भातील स्त्रियांनी वसुलीविरोधात आंदोलने केली, तेव्हा लाजेचे तारण आपल्याही गावांत चालते हे उघड झाले. हप्त्याच्या दिवशी गटातील बाई दाराला कुलूप लावून शेतात जाते, हे ग्रामीण महाविद्यालयांत शिकविणाऱ्या वाचकांना वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. आपल्या वर्गातील अनेक विद्यार्थिनी अशाच घरांतून येतात.

तरीही बचत गटांविषयीच्या आपल्या संशोधनाचा मोठा भाग, लघुशोधप्रबंध आणि चर्चासत्रांतील निबंध धरून, गटांची संख्या, कर्जवाटप आणि परतफेडीची टक्केवारी यांतच अडकून पडला आहे. प्रश्नावलीत ‘आपला आत्मविश्वास वाढला का?’ असा एक प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर बहुधा ‘होय’ असेच येते. हप्ता चुकला त्या दिवशी काय झाले, हा प्रश्न नसतो. बैठकीत वसुलीखेरीज कशावर बोलणे होते, हाही नसतो.

दानाकडे परत

सूक्ष्मवित्ताच्या इतिहासातील एक घटना टीकाकार आणि समर्थक दोघांनीही पुरेशा गांभीर्याने घेतलेली नाही. २००२ मध्ये ब्रॅकने अतिदरिद्री कुटुंबांसाठी स्वतंत्र कार्यक्रम सुरू केला, कारण कर्ज त्यांच्यापर्यंत पोहोचतच नव्हते. या कुटुंबांच्या प्रमुख बहुतांशी विधवा, परित्यक्ता, निराधार स्त्रिया. गटातील इतर स्त्रिया त्यांना सदस्य करून घेत नसत, आणि त्याही हप्त्याच्या भीतीने जवळ येत नसत. नव्या कार्यक्रमात त्यांना कर्ज नव्हे, तर गाय, शेळ्या किंवा असेच एखादे साधन दिले गेले. काही महिने निर्वाहभत्ता, आणि सुमारे दोन वर्षे दर आठवड्याला घरी येऊन शिकविणारा कार्यकर्ता. याच धर्तीवरील कार्यक्रमांचे सहा देशांतील मूल्यमापन २०१५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले, आणि कर्जाच्या प्रयोगांपेक्षा त्याचे निष्कर्ष स्पष्टपणे अधिक आश्वासक होते. म्हणजे तीस वर्षांनी संस्था पुन्हा शाल्ला येथील पहिल्या वर्षांजवळ आली : देणे आणि शिकविणे.

त्याच २००२ मध्ये ब्रॅक अफगाणिस्तानात गेली, आणि त्या दशकात युगांडा, दक्षिण सुदान, लायबेरिया व सिएरा लिओन या यादवी युद्धांनी होरपळलेल्या देशांतही. तेथील स्त्रियांना देण्यासाठी तिच्या गाठोड्यात दोन्ही गोष्टी होत्या, साप्ताहिक हप्ता आणि लोबोन-गुडाची शिकवण्याची रीत. कोणत्या देशात कोणती गोष्ट आधी बाहेर काढली गेली आणि तेथील युद्धाने स्त्रियांवर ठेवलेल्या कलंकाचे बैठकीत काय झाले, हा तुलनात्मक अभ्यासाचा विषय आहे. बांगलादेशात बीरांगनांना मुक्तियोद्ध्यांचा दर्जा आणि त्यासोबतचा मासिक भत्ता २०१५ पासून मिळू लागला. तोपर्यंत त्यांतील सर्वांत लहान स्त्रियांचेही वय साठीच्या आसपास पोहोचले होते.